कलिंगडात अडकलेलं वऱ्हाड

लोणकढे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. लोणकढी थाप मारण्यात त्यांचा हात धरणारा त्या टेकड्यांच्या मुलखात कुणी नव्हता, म्हणून लोकांनी ते नाव दिलं आणि त्यांनी बक्षीस मिळाल्यासारखं ते मिरवलं. थापा मारणं हा त्यांचा नुसता छंद नव्हता. ती त्यांची नोकरी होती. खोटं वाटेल, पण होती.

मुलूख मवाळ. टेकड्या अशा, की भरपेट जेवून कुणीतरी कुशीवर लवंडलंय. सुट्टीच्या दिवशी शहरातली माणसं पोराबाळांना घेऊन तिथे पायी हिंडायला यायची. बस थांबायची तिथेच एका खोलीत वाटांची कचेरी होती. भिंतीवर नकाशा, कोपऱ्यात भाड्याच्या काठ्या, टेबलाखाली रंगाचे डबे. सोप्या वाटेवरच्या दगडांना हिरवी खूण, मध्यम वाटेला पिवळी, कठीण वाटेला तांबडी. कुठल्या वाटेला कुठला रंग, ते ठरवायचे लोणकढे. कचेरीची पद्धत जुनी पण बिनतोड. पायथ्यापासून माथ्यापर्यंत न थांबता बोलत जाता आलं, तर वाट सोपी. मध्ये मध्ये दम घ्यावा लागला, तर मध्यम. बोलणंच बंद पडलं, तर कठीण. या कामाला तोंड न मिटणारा माणूस हवा होता, आणि तो शोधायला कचेरीला फार लांब जावं लागलं नाही.

माप बदलू नये म्हणून गोष्टही एकच. मामाच्या शेतातलं कलिंगड. ते इतकं फुगलं, की एक वऱ्हाड त्याच्या सावलीला टेकलं, गारव्याच्या लोभाने आत शिरलं, आत वाट चुकलं, आणि शेवटी खात खात बोगदा पाडत पलीकडे निघालं. तोवर नवऱ्या मुलाच्या कोटाची बटणं तुटली होती आणि व्याह्यांच्या दाढीत बिया रुजल्या होत्या. हिरव्या वाटेवर नवरा मुलगा नेमका माथ्यावर बाहेर पडायचा. पिवळ्या वाटेवर त्याला अधूनमधून टेकावं लागायचं. तांबड्या वाटेवर अख्खं वऱ्हाड आतच राहायचं.

दर हंगामाआधी वाटा पुन्हा चालून रंग ताजा करायचा. यंदा पहिल्याच वाटेला घोटाळा झाला. ओढ्याकाठची ती वाट इतकी सोपी, की तिच्यावरून बाबागाड्या जायच्या. वऱ्हाड कलिंगडात शिरलं, चार पावलं आत गेलं, आणि लोणकढ्यांचा श्वास अडकला. छातीत कुणीतरी ओला टॉवेल पिळतंय, असं झालं. ते काठीवर रेलून उभे राहिले.

मागे रंगारी डबे घेऊन थांबला. दहा शब्दांच्या जागी एक वापरणारा माणूस. ही गोष्ट त्याला झोपेतही पाठ होती.

"मग?" तो म्हणाला.

"मग काय? पिवळा काढ."

"या वाटेला?"

"टेकडी वाढलीय."

रंगाऱ्याने टेकडीकडे पाहिलं. टेकडी होती तशी लवंडलेली होती. "टेकडी वाढते, काका?"

"नखं वाढतात, केस वाढतात, शेजाऱ्याचं झाड आपल्या अंगणात वाढतं. टेकडीनेच काय घोडं मारलंय?"

रंगाऱ्याने पिवळा काढला. दुसऱ्या टेकडीला तांबडा निघाला. हंगाम तोंडावर आला तरी हिरव्या डब्याचं झाकण कुणी उघडलं नव्हतं. आणि गंमत अशी, की या खेपेला लोणकढे थाप मारत नव्हते. टेकड्या वाढल्यात असंच त्यांना वाटत होतं. वाटण्यासारखं आणखी एक होतं, पण त्याच्याकडे ते पाठ करून उभे होते.

कचेरीची प्रमुख म्हणजे त्यांची सून. घरी सूनबाई, कचेरीत मॅडम. एका रविवारी एक आजीबाई नातवंडांना घेऊन बसमधून उतरल्या, नकाशा वरपासून खालपर्यंत पाहिला, गुडघ्यावर हात फिरवला आणि पोरांना घेऊन त्याच बसमध्ये परत चढल्या. काचेला नाक लावलेली ती पोरं दिसेनाशी होईपर्यंत सून दारात उभी राहिली.

"बाबा," आत येऊन ती म्हणाली, "माणसं आल्या पावली परत जातायत. माथ्यावरची चहावाली विचारत होती, वाट बंद केलीत का म्हणून."

"मी काय करू? टेकड्यांना सांग, खाली बसा."

"एकदा डॉक्टरांना दाखवू या."

"टेकडी?"

"तुम्हाला."

हे लोणकढ्यांना फार लागलं. "जन्मभर थापा मारल्या, त्या लोकांनी मिटक्या मारत ऐकल्या. आता एकदा खरं बोलतोय, तर घरचंच माणूस डॉक्टर काढतं."

"घरचं माणूस म्हणून नाही बोलत. मॅडम म्हणून बोलतेय. या आठवड्यात दुसरं कुणीतरी ओढ्याकाठची वाट चालेल. रंग हिरवा आला, तर पुढच्या सगळ्या वाटा त्या माणसाच्या."

लोणकढ्यांनी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. वाटा गेल्या तर उरायचं काय? खुर्चीत बसून थापा मारणारे म्हातारे गल्लीत पैशाला पासरी होते. चालता चालता मारणारा एकच होता.

"कुणाला आणणार आहेस?" त्यांनी विचारलं. "माझ्या तोडीचा बोलणारा आहे का कुणी?"

"तुमच्याहून वरचढ."

ठरल्या दिवशी ते पायथ्याशी जाऊन बसले. बस आली, आणि बसमधून त्यांची बायको उतरली. पायात सुनेचे बूट. घरचा जिना चढतानाही गुडघ्यांच्या नावाने खडे फोडणारी बाई. आयुष्यात ती कधी टेकडीकडे फिरकली नव्हती.

"तू?"

"का? टेकड्या काय फक्त तुम्हालाच वाढून दाखवतात?"

"अगं, पण कलिंगडाची गोष्ट येते का तुला?"

"ऐकून ऐकून कान किटले. आज माझी ऐका."

ती निघाली. मागे रंगारी, त्याच्या मागे लोणकढे. पहिल्याच पावलाला तिने लग्नाआधीचं काढलं. आमच्या वडिलांना सांगितलंत की दारात घोडा आहे. घोडा होता, पण लाकडाचा, तोही शेजारच्या पोराचा. मग छत्र्या आल्या. यांनी बसमध्ये विसरलेल्या छत्र्या उघडून ठेवल्या, तर सगळ्या गावावर मांडव पडेल. मग गळका नळ. "उद्या करतो" हे वाक्य ऐकून ऐकून नळालाही पाठ झालंय. मग नणंदेच्या घरी पाहुण्यांसमोर मारलेली ती मगरीची थाप, ज्यापायी नणंद वर्षभर बोलत नव्हती. तिला ना उतार लागला, ना चढ. लोणकढ्यांनी दोनदा तोंड उघडलं, पण मध्ये शिरायला फट मिळेना. मग फट शोधायचंही बळ राहिलं नाही. ते मागे पडले. वळणावर एक सपाट दगड होता, त्याच्यावर ते बसले.

वरून आवाज येत राहिला. लांब लांब जात होता, पण तुटत नव्हता. गुडघे दुखरे, बूट दुसऱ्याचे, वय यांच्याच आसपासचं, आणि एक वाक्य अर्ध्यावर मोडलं नाही. नियम त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. टेकडी बोटभरही वाढली नव्हती. मग वाढलं होतं ते काय, हे त्यांना आता पाठ करूनही दिसत होतं.

माथा चार पावलांवर आला असताना एकाएकी वरचा आवाज थांबला. तिने मागे वळून पाहिलं होतं. ती उतरून खाली आली ती एक शब्द न बोलता, आणि संसारात पहिल्यांदाच लोणकढ्यांना तिच्या गप्प बसण्याची भीती वाटली.

"बोल की," ते म्हणाले. "अशी थांबलीस तर वाट पिवळी होईल."

ती दगडावर शेजारी टेकली. त्यांच्या पाठीवरून हात फिरवताना सदरा घामाने भिजलेला लागला.

"कधीपासून होतंय?"

"टेकडी वाढायला लागली तेव्हापासून."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"तुला कुठून सांगणार? मी मलाच सांगितलं नव्हतं."

वळणावरून रंगारी डोकावला. "काका, कुठला रंग?"

विचारायची तशी गरज नव्हती, पण रंगाऱ्याला रीत ठाऊक होती. रंग लोणकढ्यांनी सांगायचा. त्यांनी मान खाली घातली, थोडा श्वास गोळा केला.

"हिरवा," ते म्हणाले. "आणि बाकीच्या वाटाही हिच्याकडूनच मोजून घे." मग बायकोकडे वळून, "चल. दाखवू त्या डॉक्टरला."

हृदयाची एक झडप आळशी झाली होती, नीट मिटत नव्हती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रोज हळूहळू चालायला सांगितलं, दम लागला की बसायला सांगितलं, आणि चढावर अजिबात बोलायचं नाही म्हणाले. हे शेवटचं बायकोने डॉक्टरांकडून दोनदा वदवून घेतलं.

हंगाम सुरू झाला तेव्हा नकाशा पुन्हा हिरवागार झाला होता. नवी मोजणारीण एकेक वाट एकेका नातेवाइकाच्या नावाने काढायची. सासरच्यांवरच निम्मा मुलूख उरकला. माहेरच्यांची पाळी आली तेव्हा रंगाऱ्याने या फेरीत पहिल्यांदा पिवळ्या डब्याला हात घातला.

लोणकढे रोज ओढ्याकाठच्या वाटेने चालायचे, मुकाट्याने. सून काही दिवस त्यांच्या मागून चालली. ते जिथे जिथे टेकले, तिथे तिथे तिने खुंटी ठोकली, आणि प्रत्येक खुंटीच्या जागी कचेरीने एक बाक बसवला.

"हिरवी खूण पाहून येणाऱ्यांनाही दम लागतो, हे आजवर कुणाच्या लक्षातच आलं नाही," ती म्हणाली. "उरलेल्या वाटांवरचे बाक तुम्हीच ठरवायचे, बाबा."

"म्हणजे दमायची नोकरी."

"हो. आणि कामचुकारपणा चालणार नाही."

मधल्या वळणावरच्या बाकावर ते एकदा बसले होते, तेव्हा खालून एक जाडजूड गृहस्थ धापा टाकत आले. चेहरा लालभडक. त्यांच्या मागून दोन चिमुरडी पोरं टणाटण उड्या मारत पुढे निघून गेली. गृहस्थांनी ओशाळून इकडेतिकडे पाहिलं, बाकापाशी वाकले आणि बुटाची घट्ट बांधलेली लेस सोडून पुन्हा बांधायला लागले.

लोणकढे सरकले. "बसून बांधा. या वाटेवर लेस फार सुटतात."

गृहस्थ धप्पकन बसले.  मग श्वास जागेवर आल्यावर त्यांनी विचारलं, "तुमचीही सुटली का?"

"सकाळपासून बांधतोय," लोणकढे म्हणाले.

त्यांच्या पायात चपला होत्या.