बसली होती की उभी

जांभळ्यावर पांढरं, त्याखाली कोवळं हिरवं. झग्यांचे वसंतातले रंग.

बैल गाडीचा दांडा चाटतोय.

धाकट्या बहिणीचे दात गेल्या महिन्यात काळे रंगवले. आता ती लग्नाची झाली.

दाईच्या कुशीत तान्ही. मुलगी.

मोतोको राणी बाळंतपणाला माहेरी आली होती. आज सम्राटांची गाडी न्यायला आली होती. ती परतली नाही तर राजवाड्यातलं तिचं दालन दुसरीचं होईल, हे तिला कुणी सांगायला नको होतं. आणि नेमकं आजच पडवीखाली मेलेलं कुत्रं सापडलं. मृत्यूच्या घरात जो बसला त्याला विटाळ, उभा राहिला त्याला नाही. विटाळलेली राणी राजवाड्याची पायरी चढत नाही.

"तुम्ही उभ्याच होतात," दाई म्हणाली. "सकाळपासून झगे चढवतेय. माझ्या कमरेला विचारा."

"बसल्या होत्या," पडद्यापलीकडून वडील म्हणाले. ते मंत्री. लेक राणी झाल्यापासून तिला अहोजाहो करत. "खाली पसरलेला घेर मी पाहिलाय, सरकार."

"उभं राहिलं तरी तो पसरतोच. मंत्रीसाहेबांनी कधी नेसून बघितलंय का?"

मोतोकोने आठवायचा प्रयत्न केला. कंगवा आठवला, तान्हीची उचकी आठवली. स्वतःचे पाय आठवेनात. एवढ्या झग्यांखाली आपण बसलोय की उभ्या आहोत, हे तिला कित्येक वर्षांत नीट कळलंच नव्हतं.

अंगणातून सम्राटांचा दूत ओरडला, "येताय की नाही, तेवढं सांगा. फक्त मला बसा म्हणू नका."

"बाबा," ती म्हणाली. हा शब्द फार दिवसांनी तोंडात आला होता. "खरंच बसले होते मी?"

पडदा जरासा हलला.

"काळजी नसावी, सरकार. तुमची धाकटी बहीण आहे."

याचा इथे काय संबंध, ते तिला उमगेना. सम्राटांना खोकला होता. तिच्या पायांनी विटाळ आत गेला आणि खोकला वाढला तर? दाई खरं बोलत असेल. बाबाही बोलत असतील. निदान एक गोष्ट तरी नक्की असावी म्हणून ती तिथेच, फळ्यांवर, सावकाश बसली.

"अहो, हे काय केलंत," दाई म्हणाली.

गाडी रिकामीच वळली.

कुत्रं पहाटे फाटकाबाहेर मेलं होतं. मंत्र्यांच्या नोकरांनी ते आत ओढून आणलं.