आठव्या बशीतला जंतू

घरात तिला टकळी म्हणत, कारण तिच्या तोंडाला विसावा नसे. दवाखान्यात आणल्यापासून तीन दिवस ती गप्प होती. जुलाबातून रक्त जात होतं, पोटात पाण्याचा घोट ठरत नव्हता. तिच्या वर्गातली आणखी दहा मुलं त्याच खोलीत ओळीने निजली होती. शाळेने खापर सहलीच्या डब्यांवर फोडलं होतं. शाळेच्या टाकीतल्या पाण्याचा संशय कुणाला येणार? ते निर्धोक असल्याचा अहवालच होता.

अहवाल टकळीच्या आईचा होता. ती प्रयोगशाळेत जंतू तपासायची. महिन्यापूर्वी त्या टाकीत एक जंतू सापडला, तेव्हा तो किती घातक एवढंच ठरवायचं होतं. जंतू दिसला म्हणजे रोग झालाच असं नसतं. आपल्या पोटात कोट्यवधी नांदतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. रोगाचा जंतू मात्र पेशीत घुसतो, आत वाढतो आणि तिला मारून शेजारणीकडे वळतो. म्हणून माणसाच्या पेशी बशीत वाढवायच्या आणि त्यांवर मोजून जंतू सोडायचे. जितक्या थोड्या जंतूंनी पेशी मरतात, तितका तो जहाल. तिने लाखभर सोडले, तरी पेशी धडधाकट राहिल्या. तिने लिहिलं, धोका नगण्य.

आज तिने टकळीच्या शौचातला जंतू तपासला. जंतू तोच होता, पण शंभरांनीच बशी उजाड केली होती.

तिने जुनी वही उघडून महिन्यापूर्वीच्या नोंदी वाचल्या. तेव्हा पेशी तयार व्हायला आठ दिवस लागले होते. तोवर जंतू जगावा म्हणून ती त्याला रोज नव्या बशीत, ताज्या खाद्यावर हलवत राहिली. हत्यारं बाळगणं जंतूलाही जड जातं. आयतं मिळू लागलं, तशी त्याने ती टाकून दिली. आठव्या बशीत उरली ती गरीब गाय. तिने तपासली गाय, आणि वाघ राहिला टाकीत. पहिल्या दिवशी गोठवून ठेवलेली त्याच जंतूची कुपी शीतपेटीत तशीच होती. ती वापरायला हवी होती.

प्रयोगशाळेच्या साहेबांनी तिचं शांतपणे ऐकून घेतलं. आधी ती कुपी तपासू, दोन दिवसांत कळेल, तोवर बोलू नका, नोकरीचा प्रश्न आहे, असं ते म्हणाले.

"साहेब, दोन दिवस चारशे मुलं ते पाणी पितील."

तिने त्यांच्यासमोरच मुख्याध्यापकांना फोन लावला. टाकी बंद करा, माझा अहवाल चुकला, असं सांगितलं. मुख्याध्यापकांनी लेखी मागितलं. तिने लिहून, सही करून दिलं.

मग ती दवाखान्यात धावली. टकळीला सकाळपासून लघवी झाली नव्हती. डॉक्टर म्हणाले, औषध बदललंय, आजचा दिवस जाऊ दे. आईने मीठ-साखरेच्या पाण्याचा चमचा तिच्या ओठांशी नेला.

टकळीने डोळे उघडले. "आई, पाण्याला वास येतो म्हणून मुलं पीत नव्हती. मी म्हटलं, प्या रे, माझ्या आईने तपासलंय."

चमच्यातलं पाणी चादरीवर सांडलं. आईने तो पुन्हा भरला.

"हे तपासलंस?" टकळीने विचारलं.

"उकळलंय, बाळा," आई म्हणाली.