अठरा हजार एकशे शहात्तर नाड्या

"आतमंदी हिमालय हाये म्हन्तात, अन् भायेर पानी बी गरमच पाजून राह्यले," संध्याच्या कानामागे एक बाई पुटपुटली. मग आपलं कुणी ऐकलं असेल या भीतीनं तिनं घाईघाईनं दोन्ही गालांना हात लावून महाराजांची माफी मागितली, आणि तेच गरम पाणी पुन्हा प्याली.

अकोल्यातला मे महिना. मंडपाच्या हिरव्या जाळीखाली तीन-चारशे माणसं दाटीवाटीनं बसलेली. समोर एक बैठी पांढरी इमारत, तिच्यावर पाटी: 'श्री हिमनाथ महाराज जीवात्मा दर्शन कुटी'. दार उघडलं की आतून गारेगार वाऱ्याचा लोट यायचा आणि पुढच्या पाच रांगा एका सुरात जयजयकार करायच्या. त्यातला निम्मा तरी त्या वाऱ्यासाठी असावा, असं संध्याला वाटलं.

चमत्कार असा, की घरातलं माणूस हरवलेलं असो की देवाघरी गेलेलं, महाराज त्याला पडद्यावर बोलावत. नुसता फोटो नाही, जुनी व्हिडिओ कॅसेट नाही. माणूस समोर बसून बोलायचं. प्रश्न विचारला तर उत्तर द्यायचं, आपण रडलो तर थांबायचं.

संध्या आली होती गोदाबाई मावशीसाठी. मावशी वलगावची. झेंडू-शेवंतीचे दोन एकर, तेच पोटापाण्याचं. तीन वर्षांपूर्वी पेढी नदीला पूर आला त्या दिवशी मावशीचा शिवम मोटरसायकल घेऊन निघाला तो परतलाच नाही. गाडी पुलाच्या खालच्या अंगाला बाभळीत अडकलेली सापडली. शिवम सापडला नाही. पोलिसांच्या कागदावर 'बेपत्ता' असा शब्द पडला, आणि त्या एका शब्दाच्या आडोशाला सगळं घर उभं राहिलं. 'शिवम येईन तवा' असंच घरात बोललं जायचं. त्याचे कपडे दर दिवाळीला धुऊन पुन्हा घडी घालून ठेवले जायचे.

गेल्या दिवाळीपासून मावशीच्या छातीत गाठ होती. अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी सुई घालून तपासलं आणि ऑपरेशनची तारीख दिली. घरात त्यालाही कुणी नाव दिलं नाही. 'ते गाठ' म्हणायचे सगळे. शिवम हिमालयात तप करतो आहे, असं सांगून महाराज तोवर त्याला पडद्यावर आणू लागले होते. मावशी म्हणाली, शिवमले इचारून सांगतो. पडद्यावरचा शिवम म्हणाला, नको. अशा दोन तारखा हुकल्या होत्या. तिसरी येत्या गुरुवारची होती, आणि यापुढे थांबलात तर मग माझ्याकडे येऊ नका, असं डॉक्टरीणबाईंनी मावसाजींना बाजूला घेऊन सांगितलं होतं. मावसाजींनी, म्हणजे चंद्रभानजींनी, ते संध्याला फोनवर सांगितलं आणि एकदा सोबत ये म्हणाले.

आत सोडायची ती दहा-दहा माणसं. मोबाईल बाहेर, चपला बाहेर. उत्तमराव नावाचे एक गृहस्थ माणसं मोजत होते. हे चाळीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. आता आत्मा म्हणजे एनर्जी आणि एनर्जी कधी नष्ट होत नाही, असं रांगेतल्या बायांना समजावत होते. "सायन्सनं हे कधीचंच मान्य केलं आहे," ते म्हणाले. कोणत्या सायन्सनं, ते मात्र सांगेनात.

आत खरोखरच हुडहुडी भरत होती. एका भिंतीवर मोठा पडदा. बाजूच्या भिंतीत जमिनीपासून हातभर उंचीवर तांब्याची नक्षीदार जाळी, तिच्यापुढे दोरी बांधून 'जाळीजवळ बसू नये' अशी पाटी. महाराज पन्नाशीचे, गुबगुबीत, अंगावर शुभ्र लोकरीची कफनी. त्यांनी जाळीकडे हात केला.

"इथून कैलासाचा वारा प्राणयंत्रात शिरतो. हे यंत्र मानवानं घडवलेलं नाही. याच्या पोटात अठ्ठेचाळीस सिद्धी आहेत. अठरा हजार एकशे शहात्तर नाड्या आहेत. आणि तीनशे ज्योतींचं तेज आहे."

बायांनी हात जोडले. संध्याचे हात अर्ध्यात राहिले.

कारण अठरा हजार एकशे शहात्तर हा आकडा रोज सकाळी तिच्या डोळ्यांपुढे असायचा. अमरावतीत तिची लग्नाच्या व्हिडिओंची मिक्सिंग लॅब होती. बारावी नापास बाई. नवऱ्यामागे स्टुडिओ पडला अंगावर, तेव्हा बघून-बघून, चुकत-चुकत सगळं शिकली. तिच्या कॉम्प्युटरमधलं चित्राचा हिशेब करणारं ग्राफिक्स कार्ड जुनं, आठ जीबीचं. मोठ्या कामासाठी जे वर्कस्टेशनचं कार्ड मिळतं, ते घ्यायची तिला दोन वर्षांपासून हौस होती. ते काही जमत नव्हतं, म्हणून त्याच्या माहितीचा कागदच तिनं कॅलेंडरशेजारी भिंतीला चिकटवला होता. मेमरी अठ्ठेचाळीस जीबी. हिशेब करणारे बारके गाभे अठरा हजार एकशे शहात्तर. वीज तीनशे वॅट. महाराजांनी कंपनीचा कागद जसाच्या तसा पाठ केला होता. एवढा तपस्वी माणूस, पण आकडा गोल करायचंही त्याला सुचलं नव्हतं.

दिवे मंद झाले. जाळीमागून बारीक सूंऽऽ असा आवाज सुरू झाला. लोक म्हणाले, ओंकार. संध्याला तो आवाज स्वतःच्या लेकराच्या खोकल्यासारखा ओळखू आला. कार्डाचा पंखा चढला होता.

पडद्यावर बर्फाचे डोंगर आले. त्यांच्यापुढे डोक्यावरून शाल घेतलेला शिवम.

"आई," तो म्हणाला, "जेवली काय?"

मावशी पुढे सरकली. आवाज शिवमचाच होता, तोच किंचित घोगरा.  पण संध्याचे डोळे धंद्याचे होते, ते आपलं काम करत राहिले. त्याच्या डाव्या कानाच्या पाळीखाली पिवळसर डाग होता. तोंड वळवलं की डागही वळायचा.

तिला करिश्माचं लग्न आठवलं. करिश्मा ही शिवमची बहीण. तिच्या हळदीत शिवमला सगळ्यांनी धरून माखवलं होतं, आणि ते सारं चित्रण संध्याच्याच लॅबमध्ये होतं. या जानेवारीत करिश्मानं ते मागून नेलं, आईले पाह्यचं हाये म्हणून. तर ते इथं आलं होतं. तीन वर्षं हिमालयात तप करणाऱ्या पोराच्या कानाखालची बहिणीची हळद अजून निघाली नव्हती.

"आई, ऑपरेशन करू नको," शिवम म्हणाला. "महाराजांची विभूती लाव. मी आलो की मीच तुला नेईन दवाखान्यात."

बरोब्बर अकरा मिनिटांनी तो गेला. याहून जास्त वेळ देह सोडून आत्म्याला थांबता येत नाही, असं महाराज म्हणाले.

परतीच्या एसटीत संध्यानं मावशीला सांगून पाहिलं. फॉर्म अन् व्हिडिओ दिल्यावर जीवात्म्याला यायला अकरा दिवस काहून लागतात? तर तेवढे दिवस मशीन तो चेहरा शिकत असते. ज्याले तिन्ही काळ दिसतात त्याले पाच पानांचा फॉर्म काहून भरून पाहिजे, पोराचं लाडाचं नाव काय, आवडीची भाजी कोणती? पलीकडं कोणीतरी बसून बोलते, मावशी, अन् मशीन त्याच्यावर आपल्या शिवमचं तोंड अन् आवाज चढवते.

मावशी खिडकीतून बाहेर पाहत होती. तशीच पाहत म्हणाली, "तू शिकेल बाई हायेस. तुह्यं बरोबरच असन. पन मले तेवढं पाहू दे वो."

 समजावून काही होणार नव्हतं, दाखवावंच लागणार होतं. आणि दाखवायचं कसं, ते तिला लॅबनं शिकवलं होतं. उन्हाळ्यात लग्नांची कामं आली की ती कॉम्प्युटरचं झाकण काढून त्याच्यापुढे कूलर लावायची, खिडकीला वाळ्याची ताटी बांधायची. तरी दुपारी कार्ड नव्वद डिग्रीच्या वर गेलं की जळू नये म्हणून स्वतःच काम कमी करायचं. म्हैस उन्हात बसकण मारते तसं. मग चित्र अडखळायचं, आवाज पुढे आणि ओठ मागे. म्हणजे ती थंडी देवासाठी नव्हती, भक्तांसाठी तर नव्हतीच. कार्डासाठी होती, आणि एवढ्या थंडीतही ते अकरा मिनिटांपलीकडे दम धरत नसावं. आणि त्या कार्डाला श्वास घ्यायला एकच नाक होतं: तांब्याची जाळी.

बुधवारी ती पुन्हा गेली, मावशी आणि मावसाजींना घेऊन. पिशवीत नारळ होता, आणि अमरावतीच्या बाजारातली सगळ्यात जाड लोकरीची शाल.

"महाराज," ती हात जोडून म्हणाली, "तुमचा सत्कार तं सारेच करतात. आज मले यंत्राचा करू द्या."

महाराज हात आडवा करणारच होते. पण शाल-श्रीफळाला नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही, आणि बायांनी तर टाळ्याही सुरू केल्या होत्या. उत्तमरावांनी स्वतः दोरी वर उचलून धरली. संध्यानं शाल दुहेरी केली, जाळीच्या नक्षीत चारही टोकं नीट खोवली, वर कुंकू लावलं आणि खाली नारळ ठेवला. मग पाठ त्या शालीला टेकूनच ती खाली बसली.

"बाई, तिथं बसू नका. तेज सहन होणार नाही तुम्हाला."

"होऊ द्या, महाराज. पापं तं जळतीन."

दिवे मंद झाले. शिवम आला. जेवली काय, म्हणाला. तीन मिनिटं झाली. संध्याच्या पाठीमागे पंख्याचा आवाज चढत गेला, सूं चा घूं झाला. महाराजांनी दोनदा घसा साफ केला आणि आज दर्शन लवकर आवरू म्हणाले. मावसाजी म्हणाले, अकरा मिनिटं म्हन्ले व्हते.

पाचव्या मिनिटाला शिवमचे ओठ मागे पडले. "ऑपरेशन" हा शब्द आधी आला, तोंड नंतर उघडलं. एक डोळा मिटला तो मिटलेलाच राहिला. मग चेहरा कपाळापासून थोडा सरकला, जसा ओल्या भिंतीवरचा कागद सरकतो. डोंगर गेले. त्यांच्या जागी, चित्रणात मागची दृश्यं चढवायला लावतात तो हिरवा पडदा आला, आणि त्याच्यापुढे एक मिशाळ माणूस. अकोल्याच्या भर मे महिन्यात अंगात स्वेटर, गळ्यात मफलर, कानाला हेडफोन, हातात चहाचा कप. त्याला आपण दिसतोय याचा पत्ता नव्हता.

"आई, महाराजांवर श्रद्धा ठेव," तो स्वतःच्या चिरक्या आवाजात म्हणाला, आणि चहाचा घोट घेतला.

 महाराज म्हणाले, ही माया आहे, दुष्ट शक्तीनं विघ्न आणलं. पण बोलता बोलता ते मागच्या दाराकडे सरकत होते. कैलासवासी महाराज दार उघडून उन्हात पळाले. कफनी लोकरीची, त्यामुळे फार वेगानं नाही. आतल्यांची ओरड ऐकून मंडपातल्या पोरांनी त्यांना फाटकाशीच धरलं. मोबाईल परत मिळाल्याबरोबर मावसाजींनी पोलिसांना फोन लावला.

संध्यानं शाल काढली, जाळी उचकटली. आत लाकडी कपाट, त्यात काळा डबा, आणि डब्यात दीड वीत लांबीचं ते कार्ड. तिनं दोन वर्षं ज्याचं स्वप्न पाहिलं होतं ते. पोळी भाजेल इतकं तापलेलं. तिला त्याची दयाच आली. इतकं गुणी यंत्र, आणि पडलं कुणाच्या हाती.

लोक दाराशी गोळा झाले. पुटपुटणारी बाईही होती. संध्यानं भाषण केलं नाही. तिला येतही नव्हतं. तिनं कार्ड दाखवलं, ते चेहऱ्यावर चेहरा कसा चढवतं ते सांगितलं, अकरा दिवस, अकरा मिनिटं आणि थंडी कशासाठी तेही सांगितलं.

"यंत्र खोटं नाई बोलत," ती म्हणाली. "त्याले जे द्याल ते करते. खोटा बसला व्हता भिंतीमागं. आपन एवढंच इचारायचं, की हे कसं होते? अन् जो मानूस हे इचारू देत नाई, त्याच्या दारातून चपला घालायच्या अन् घरी जायचं."

उत्तमरावांनी चष्मा पुसला. "मला थोडी शंका होतीच," ते म्हणाले.

"चाळीस वर्षं पोरायले शंका इचाराले शिकोलं ना, सर?" पुटपुटणारी बाई म्हणाली, या वेळी मोठ्यानं. उत्तमरावांचा चष्मा बराच वेळ पुसून होईना.

मावसाजी मात्र अजून पडद्याकडे पाहत होते. यानं फसवलं, पण दुसरा कुणी खरा असेल, चांदूर रेल्वेला एक आहेत म्हणतात, शिवमचा काही तरी पत्ता, असं ते अर्धवट बोलत राहिले. करिश्माला काय सांगायचं, गावात काय सांगायचं.  

गोदाबाई उठली. पदर डोक्यावरून घेतला.

"त्याची गाडी मीच धुतली व्हती," ती म्हणाली. "हँडलच्या आतलोक गाळ भरला व्हता. मले तवाच समजलं. पन तुमी साऱ्याईनं 'येईन' म्हनलं, तं मी बी म्हनलं." ती मावसाजींकडे वळली. "शिवम पेढीत बुडून मेला, करिश्माचे बाबा. अन् मले कॅन्सर हाये. चाला, उद्या गुरुवार हाये."