उशिराच्या बर्फाची पिवळी वडी

मी मेणाची एक वडी बोलतेय. रंगाने पिवळी, आकाराने साबणाएवढी. एका गिऱ्हाइकाने एकदा मला साबण समजून नळाखाली धरलं होतं. बराच वेळ हात चोळले बिचाऱ्याने. फेस तर आलाच नाही, उलट हातावर पाणी ठरेना. शेवटी दुकानवाल्या ताईने मला त्याच्या हातातून सोडवलं आणि म्हणाली, "काका, ही हात धुवायची नाही. ही बर्फावरून घसरायची आहे." काकांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग ताईकडे, आणि ओल्या हातानेच निघून गेले.

तर मी घसरायच्या कामाची. स्नोबोर्ड म्हणजे एक लांब फळी. तिच्यावर दोन्ही पाय पट्ट्यांनी आवळायचे आणि आडवं उभं राहून बर्फाच्या उतारावरून खाली यायचं. त्या फळीच्या तळाला मेण लागतं. मेण नसेल तर बर्फ तळ धरून ठेवतो आणि माणूस तोंडावर आपटतो. आता बर्फही सगळा सारखा नसतो. कडक थंडीतल्या कोरड्या बर्फाला निळी वडी लागते, मधल्या हवेला लाल, आणि हंगाम संपत आला, दुपारच्या उन्हात बर्फ ओला आणि भुसभुशीत व्हायला लागला, की मी.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. मोठ्या पातेल्यात मी वितळलेली होते, मग साच्यात ओतली गेले, मग थंड झाले. एका बाईने मला साच्यातून काढलं, पाठीवर टिचकी मारून आत बुडबुडा नाही ना ते पाहिलं आणि कागदात गुंडाळलं. तिथून निघाले ती थेट ताईच्या दुकानात आले.

ताई सायकली दुरुस्त करते. दुकानाचा पुढचा भाग चाकं, साखळ्या आणि ट्यूबांनी भरलेला आहे. मागच्या कोपऱ्यात एक लांब टेबल आहे, त्यावर ती बोर्ड आडवा टाकून त्याची निगा करते. आमच्या शहरात बर्फ पडत नाही. बर्फ पाहायचा तर फ्रीजचं वरचं दार उघडायचं. पण ताई दर वर्षी भर थंडीत आठ दिवस परदेशात जाते, बर्फावर. सोबत तिचा धाकटा भाऊ. तो चाळिशीचा आहे, डोक्यावर केस थोडे राहिलेत, तरी ती त्याला छोट्याच म्हणते.

भर थंडीत जायचं म्हटल्यावर दर वर्षी नंबर निळीचा. ती जायची, थोडी बारीक होऊन यायची आणि खणात माझ्याशेजारी पडून तोरा मिरवायची. पाच हिवाळे मी हे सोसलं. खोटं कशाला सांगू, माझा जळफळाट व्हायचा. मग मी डोळे मिटून, म्हणजे वडीला जसे मिटता येतील तसे मिटून, माझ्या बर्फाची स्वप्नं पाहायचे. ओला, जड, कलत्या उन्हातला बर्फ. खालून कुठेतरी पाणी वाहतंय आणि वरून मी चाललेय. न पाहिलेल्या जागेची इतकी आठवण येऊ शकते, हे मला त्या खणातच कळलं.

या वर्षी मात्र थंडी आली आणि गेली, तरी ताई हलली नाही. "दुकानात काम आहे," असं ती छोट्याला फोनवर सांगायची. काम रोजच्यासारखंच होतं, मी पाहत होते ना. आठवड्यातून दोनदा ती दुपारी दुकान बंद करून कुठेतरी जायची आणि परत आल्यावर बराच वेळ नुसती बसून राहायची.

शेवटी हंगाम सरत आला तेव्हा तीच म्हणाली, "छोट्या, जाऊ या. उशीर झालाय, पण जाऊ या."

मग जागा निवडायचा कार्यक्रम सुरू झाला. छोट्याचा धंदा दातांच्या कवळ्या बनवायचा, त्यामुळे मिलिमीटरच्या वर बोलायला तो तयार नसतो. वही घेऊन आला. पट्टीने रकाने आखले. उंची किती, वर बर्फ किती, गावात किती, उतार कुठल्या दिशेला, डोंगरावर नेणाऱ्या टांगत्या खुर्च्यांच्या लिफ्ट किती, बंद कधी होणार. अकरा रिसॉर्टं त्याने त्या रकान्यांत बसवली आणि रोज संध्याकाळी माझ्या टेबलाशी बसून दोघं एकेक खोडू लागली.

दक्षिणेकडे तोंड असलेली आधी गेली, तिथला बर्फ उन्हाने कधीच खाल्ला होता. एका ठिकाणी वर जायला खुर्च्या नव्हत्या, दोरीला लावलेले आकडे होते. ताई म्हणाली, "त्या आकड्याला लटकून मी जन्मात वर जाणार नाही." एका ठिकाणी मधेच लांबच लांब सपाट रस्ता होता. तिथे बोर्डवाल्यांना एक पाय सोडवून, लहान मुलं फळीची गाडी ढकलतात तसं स्वतःला ढकलत न्यावं लागतं. तेही गेलं.

उरली दोन. एक खूप उंचावरचं. तिथे वर्षभर न वितळणारा बर्फ, मोकळे रुंद उतार, एक झाड नाही, जिकडे पाहावं तिकडे पांढरं. दुसरं ठेंगणं, उत्तरेकडच्या जंगलातलं. येत्या रविवारी बंद होणार होतं. तिथल्या कॅमेऱ्याच्या चित्रात लिफ्टच्या पायथ्याशी मातीचे तपकिरी डाग दिसत होते.

ताईने तो जंगलातला फोटो समोर धरला आणि सोडेचना. "झाडं बघ कशी आहेत."

"झाडं बघायला एवढ्या लांब कशाला जायचं?" छोट्या म्हणाला आणि पट्टी लावून त्याने ती ओळ खोडली. "उंचावरचंच घेऊ. बर्फाची खात्री आहे."

"तू म्हणशील तसं," ताई म्हणाली.

मी खणात थक्क. सायकलच्या घंटीच्या आवाजावरून गिऱ्हाइकाशी भांडणारी ही बाई, आणि 'तू म्हणशील तसं'? निळी मात्र खुशीत होती. उंचावर थंडी असते, म्हणजे पुन्हा तिचीच वर्णी.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानातली शिंपीणबाई चहा घेऊन आली तेव्हा मला सगळं कळलं. ताई तिला काही लपवत नाही.

"दोन्ही बाजूंचं दिसणं कमी होत चाललंय," ताई म्हणाली. "समोरचं स्वच्छ दिसतं, पण कडा आत येतायत. त्या तपासण्यांतच हिवाळा गेला बघ. डॉक्टर म्हणाले, जायचं तर या वर्षी जाऊन या. पुढच्या वर्षीचं ते काही बोलायलाच तयार नाहीत."

"मग अडतंय कुठे?"

"पांढऱ्यावर पांढरं आलं की मला काही कळत नाही गं. खड्डा कुठे, उंचवटा कुठे. झाडं असली की दोन्हीकडे काळी रेघ मिळते. मान इकडे तिकडे फिरवत, तिच्यामधून जाता येतं."

"सांग की मग त्याला!"

"सांगितलं तर तो जाणंच रद्द करेल. मला खुर्चीत बसवून ठेवेल. तो तसाच आहे."

शिंपीणबाईने चहा संपवला आणि कप विसळून ठेवले. मला मात्र चैन पडेना. एवढे दिवस मी निळीवर जळत होते, आणि इथे ताईचा शेवटचा उतार भलत्याच डोंगरावर चालला होता. वडीला तोंड असतं तर मी ओरडले असते.

बुधवारी दुपारी ताईने बोर्ड टेबलावर उताणा घातला. संध्याकाळी छोट्या येणार आणि उंचावरचं बुकिंग पक्कं करणार होता. तिने तळ पुसला, इस्त्री तापत ठेवली आणि खण उघडला. निळी पुढेच होती, अगदी तयार. ताईचा हात तिच्यावर थांबला. मग पुढे सरकला आणि त्याने मला उचललं.

इस्त्रीला टेकले तेव्हाचं सुख मी काय सांगू! पाच वर्षांचा कडकपणा थेंबाथेंबाने गळत होता. ताईने मला बोर्डभर ठिबकवलं, मग इस्त्रीने हळूहळू पसरवलं. आम्ही मेणं तळात मुरतो तेव्हा झोप लागल्यासारखं होतं. मी तशीच गुंगीत होते. बोर्ड निवल्यावर ती प्लास्टिकची पट्टी घेऊन वरचा थर खरवडू लागली आणि माझे पिवळे कपचे जमिनीवर पडू लागले.

छोट्या आला तो दारातच थबकला. खाली वाकून त्याने एक कपचा उचलला.

"ताई, हे पिवळं आहे."

"मग?"

तो स्टुलावर बसला. एकदम म्हातारा दिसायला लागला. "मला माहीत आहे," तो म्हणाला. "डावीकडून आलो की तू दचकतेस. कप टेबलाच्या कडेवर ठेवतेस. दोन महिने बघतोय मी. पण रंगही दिसेनासे झाले, हे माहीत नव्हतं."

ताईने पट्टी खाली ठेवली. "रंग मला तुझ्यापेक्षा चांगले दिसतात, छोट्या. तीस वर्षं मेण लावतेय मी. निळीकडे हात जाईना, म्हणून पिवळी घेतली."

"पण आपण तर वर जातोय."

"तू जातोयस. मला झाडांत जायचं होतं."

आणि मग तिने त्याला सगळं सांगितलं, काळ्या रेघांसकट. ऐकता ऐकता छोट्याचा चेहरा विचित्र होत गेला. त्याने वही काढली, खोडलेली ओळ उघडली आणि ताईपुढे धरली. ओळीच्या शेवटी, रकान्याबाहेर, मुंगीएवढ्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. ताईने वही डोळ्यांसमोर नेऊन वाचलं. "झाडं आहेत. ताई आपटेल."

"एवढ्या बारीक अक्षरात लिहिलंस? मला दिसू नये म्हणून?"

"हो."

दोघं एकमेकांकडे पाहत राहिली. मग ताईला जे हसू फुटलं, ते आवरेना. छोट्याही हसला आणि हसता हसता बाहीने डोळे पुसू लागला. दोघांनाही एकाच गोष्टीची भीती होती आणि दोघांनीही ती एकमेकांपासून जपून ठेवली होती. माणसांची ही रीत मला अजून उमगलेली नाही. विचारायला एक वाक्य लागतं, त्याऐवजी रकाने आखतात.

"पण ते रविवारी बंद होतंय," छोट्या नाक ओढत म्हणाला.

"आज बुधवार आहे," ताई म्हणाली. "उघड तो कॉम्प्युटर."

शुक्रवारी सकाळी मी उतारावर होते. सहांपैकी दोनच उतार उघडे होते. पहिली सलामीच वाईट. रात्री गोठलेला बर्फ काचेसारखा कडक होता, त्याच्यापुढे माझं काही चालेना. पहिल्याच वळणावर मी खरवडून निघाले आणि ताई बसली जमिनीवर. छोट्याने लगेच हात पुढे केला. ती म्हणाली, "थांब जरा. ऊन येऊ दे."

दोघं लिफ्टशेजारच्या बाकावर बसून राहिली. अकरा वाजता ऊन झाडांवरून खाली उतरलं, आणि माझा बर्फ जागा झाला.

मी स्वप्नात पाहिला होता त्याहून तो मऊ होता. त्यात झाडांच्या वाळक्या सुया, म्हणजे सुईसारखी बारीक पानं, पडली होती. खालून पाणी खरंच वाहत होतं, मला ते तळातून ऐकू येत होतं. छोट्या पुढे, त्याच्यामागे ताई. दोन्हीकडे काळी उभी झाडं आणि मधून पांढरी वाट. ताई मान हलकेच डावीकडे वळवी, मग उजवीकडे, आणि तिच्याबरोबर बोर्ड वळे, आणि बोर्डबरोबर मी. बर्फ माझ्याखाली सुस्कारे टाकत होता. आपण पुढे जातोय की झाडंच मागे निघालीत, मला कळेनासं झालं.

"डावीकडे वळण!" छोट्या ओरडायचा.

"ओरडू नकोस, दिसतंय मला!" ताई ओरडायची.

प्रत्येक फेरीत मी थोडी झिजत होते. थोडी इथल्या वळणावर राहिले, थोडी त्या उंचवट्याशी. वाईट मुळीच वाटलं नाही.

रविवारी दुपारी लिफ्टवाल्याने एक बोट वर केलं. शेवटची फेरी. छोट्या पट्टे आवळत उठला. ताई मात्र बर्फातच बसून राहिली.

"चल की. शेवटची आहे."

"माझी झाली," ती म्हणाली. "आत्ताची फेरी मला पूर्ण दिसली, छोट्या. वरपासून खालपर्यंत. हीच ठेवते मी. तू जाऊन ये."

छोट्याने वर पाहिलं, मग पट्टे सोडले आणि तिच्या शेजारी बसला. रिकाम्या खुर्च्या वर जाऊन परत येत होत्या. थोड्या वेळाने त्या थांबल्या. ताई बोर्ड मांडीवर घेऊन झाडांकडे पाहत होती, अगदी समोर, सरळ. मी तिच्या गुडघ्यांवर होते, ओली आणि थकलेली, आणि ती क्षणभर जरी हलली असती तरी मला रडू आलं असतं.

आता बोर्ड दुकानाच्या भिंतीवर टांगलाय, तळ बाहेर करून. मी त्याच्यात मुरलेली आहे, जेवढी उरले तेवढी. हंगाम संपला की जुनं मेण गरम करून काढून टाकायचं असतं, नाहीतर तळात मळ बसतो. परवा छोट्या म्हणाला, "ताई, हा साफ करून ठेवू का?" ती म्हणाली, "राहू दे."

तेवढंच मागणं माझंही आहे. कुणी कितीही टापटिपीचं असलं, तरी मला एवढ्यात खरवडू नका.

आजकाल दुकानात ती भिंतीला हात लावत चालते. बोर्डपाशी आली की थांबते आणि तळावरून तळवा फिरवते, वरपासून खालपर्यंत, सावकाश. मधे मधे एखादी झाडाची सुई रुतलेली आहे, तिथे बोट अडतं. तेव्हा ती डोळे मिटून घेते आणि मान हलकेच डावीकडे वळवते.