डिसेंबरची धाप

ऑगस्ट अजून सरला नव्हता आणि टिल्लीला धाप लागल्याची एक नोंद डिसेंबरची दिसत होती.

"पुढची दुखणीही आधीच लिहून ठेवतं का गं तुझं ॲप?" वाफेच्या मशिनचा मास्क धुता धुता सासूबाई म्हणाल्या. "बरंय, तुला रजा वेळेत टाकता येईल."

मला हसायचंही त्राण नव्हतं. ॲप मीच बनवलेलं. दीड वर्षाच्या पोरीला धाप लागून वाफ द्यावी लागली, की घरात जी असेल तिने फोनवर बटण दाबायचं. तारीख आपोआप पडते. महिन्यात चारदा वाफ लागली तर रोजचं औषध सुरू करू, मग ते वर्षभर तरी सुटायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. ऑगस्टच्या नोंदी दोनच दिसत होत्या. संध्याकाळी दवाखान्यात जायचं होतं, आणि माझा सगळा जीव त्या दोनात अडकला होता.

टिल्लीला मांडीवर घेऊन मी साठवलेल्या नोंदी उघडल्या. माझ्या फोनवरून आलेल्यांत दिवस आधी, महिना नंतर. सासूबाईंच्या फोनवरच्या उलट्या. आधी आठ, मग बारा.

"आई, हा फोन ताईंनी गेल्या महिन्यात दिला ना?"

"हो. आता माझ्या लेकीने काय केलं?"

"त्यांनी नाही हो, मीच. हा फोन महिना आधी लिहितो. मी तशीच तारीख साठवली आणि वाचताना दिवस आधी धरला."

म्हणजे बारा ऑगस्टची आठ डिसेंबर झाली होती. पंधरा ऑगस्ट आणि त्यानंतरच्या दोन नोंदी तर दिसतच नव्हत्या. पंधरावा महिना कुठून आणणार? ॲपने त्या तिन्ही गुपचूप गाळून टाकल्या होत्या.

ॲपला त्या फोनच्या तारखा उलटून वाचायला सांगितलं. नोंदी ऑगस्टमध्ये परतल्या. सहा.

"सुटलं का एकदाचं?"

"सुटलं."

"मग तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?"

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. चष्मा लावून त्यांनी बोटाने मोजलं.

"सांगत होते मी, या महिन्यात फार झालं."

"आणि मी म्हणत होते, ॲपमध्ये दिसत नाही."

आता टोमणा येणार म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी मास्क कोरडा केला, पिशवीत ठेवला.

"ऊठ. हिचे मोजे कुठेत? उशीर झाला की तासभर बसवून ठेवतात तिथे."