थोरली

पौषातली सकाळ हळदुली, हिमस्पर्शी. कृष्णेच्या पाण्यावरून धुक्याचे शुभ्र, सैलसर पदर सरकत होते. पैलतीरावर उसाचे रुपेरी तुरे दवभारानं नतमस्तक उभे. कोवळ्या उन्हाची एक तिरीप घाटाच्या पायऱ्या उतरत होती, सावकाश, पायाखालचं चाचपत, जणू तिलाही थंडी वाजत होती.

संक्रांतीआधीचा बाजार भरला होता. वाटेवर बायाच बाया. काळ्या लुगड्यांची, हिरव्या चुड्यांची, हसऱ्या कुजबुजीची एक नदी गावाकडे वाहत होती.

त्या नदीच्या काठाकाठानं मालिनी चालली होती. अंगावर जांभळट सुती साडी, मानेवर सैल अंबाडा. आई पुढे, ती मागे. मधलं अंतर तिनंच राखलेलं. लोकांनी बघायचं तर आपल्याला बघावं, आईला बघू नये, एवढ्यासाठी.

ज्या गावात ती मुलगा म्हणून वाढली, त्या गावातून ती बाई म्हणून पहिल्यांदाच चालत होती.

पुण्यात तिनं बाहेर पडणं शिकून घेतलं होतं, जसं कुणी पोहणं शिकतं. उंबऱ्याशी क्षणभर थांबायचं, श्वास भरून घ्यायचा, पदर खांद्यावर टाचायचा आणि स्वतःला नजरांच्या पाण्यात सोडून द्यायचं. बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहते, ती राहू द्यायची. दुकानदार पुडी हातात न देता काचेवर ठेवतो, ती काचेवरून उचलायची. आवाजानं घात करू नये म्हणून बोटानं दाखवायचं, मानेनं होकार द्यायचा. पण तिथले डोळे अनोळखी होते, आणि अनोळखी डोळ्यांचा ओरखडा संध्याकाळपर्यंत बुजतो. इथले डोळे तिला ओळखत होते. जुन्या नावानं ओळखत होते.

गेल्या आठवड्यात रात्रीच्या अंधारात ती दाराशी येऊन उभी राहिली, तेव्हा आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पाठ फिरवून डोळे पुसले. वडील घोंगडी खांद्यावर टाकून मळ्यातल्या खोपीत राहायला गेले.

आई बोलायची, पण तिचं प्रत्येक वाक्य वळसा घालून यायचं. जेवलास म्हणवत नव्हतं, जेवलीस म्हणवत नव्हतं. ‘जेवण झालं का?’ ‘पाणी तापलंय.’ ‘थंडी वाजली का रात्री?’ अशी कडेकडेची, काठाकाठाची, तोल सांभाळणारी वाक्यं. त्यांत माया होती. मालिनीला ती कळत होती, आणि त्या मायेतली ती रिकामी जागाही कळत होती.

आज सकाळी आई म्हणाली होती, “बाजारला जायचंय. गुडघा दुखतोय, सोबत हवी.” एवढंच.

बाजार लाल-केशरी, हिरवा-काळा झगमगत होता. गाजरांचे ढीग, ओल्या हरभऱ्याच्या जुड्या, बोरांच्या पाट्या, तिळाचा उष्ण, तेलकट गंध. आणि त्या रंगगंधावरून एक शांतता मालिनीबरोबर पुढे सरकत होती. ती आली की बोलणं थांबे. ती गेली की कुजबुज उठे. ओलं कापड जमिनीवरून ओढत न्यावं, तशी ती शांतता तिच्या पाठीमागे फरफटत होती.

चहाच्या गाड्यापाशी कुणीतरी टाळी वाजवली. आडवी, पसरट, जाणूनबुजून वाजवलेली टाळी. मग जुनं नाव, लांबवत, गाण्यासारखं. मग हशा. टाळी वाजवणारा संपत होता. शाळेत दोघं एकाच बाकावर बसायचे.

मालिनी मारुतीच्या देवळाआड वळली आणि थंडगार भिंतीला पाठ लावून उभी राहिली. दुपारची गाडी धरावी. आईला गर्दीत चुकामूक झाली असं वाटेल. वडील घरी परततील. तिच्या एका जाण्यानं सगळ्यांचं सगळं पूर्ववत होईल. डोळ्यांत पाणी आलं नाही. नुसती एक करडी, कोरडी, धुळीची पोकळी आत भरत गेली.

आणि बाजारावरून हाक आली.

“मालिनी, कुठं राहिलीस गं? सुगडं निवडायचीत.”

हाक खरखरीत होती, थोडी रागावलेली, कुठलीही आई कुठल्याही बाजारात मारते तशी. ते नाव आईच्या ओठांवर आजवर आलं नव्हतं. आज ते भर बाजारात आलं, गाजरांवरून, बोरांवरून, चहाच्या गाड्यावरून सगळ्यांच्या कानांवर पडत आलं. आणि त्याच्यामागून तो एवढासा ‘गं’, घरातल्या मुलीच्या पाठीवर अलगद पडणाऱ्या हातासारखा.

मालिनीनं पदर सारखा केला. देवळाआडून ती बाहेर आली, गाड्यासमोरून चालत गेली. नजरा होत्याच. संपत कपात बघत राहिला. त्याच्याशेजारचा मात्र अजून हसत होता. ती चालत राहिली. या वेळी तिनं अंतर राखलं नाही.

अनसा कुंभारणीनं पोत्यावर सुगडं मांडली होती, काळीभोर, चुन्याच्या पांढऱ्या रेघा ओढलेली. तिनं मालिनीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग आईकडे पाहिलं.

“ही लेक व्हय तुमची?”

आईचा हात एका सुगडावर थबकला. क्षणभर बाजार दूर गेला, फार दूर, नदीपल्याडच्या धुक्यात.

“थोरली,” आई म्हणाली.

कुंभारणीनं मान हलवली आणि रिकाम्या पोत्याची घडी मालिनीपुढे सरकवली. “बस बाई. वाजवून बघून घे. एखादं तडकलेलं असतंय.”

मालिनी आईशेजारी टेकली. एक सुगड तळहातावर घेऊन बोटाच्या पेरानं तिनं हलकेच वाजवलं. मातीच्या पोटातून नाद उठला, स्वच्छ, सावळा, थरथरता. आईनं कान जवळ आणला. दोघींच्या कपाळांमध्ये वीतभर ऊन उरलं. मालिनीनं दुसरं वाजवलं, मग तिसरं. नादामागून नाद पौषाच्या उन्हात विरत गेला, आणि दोघी मान झुकवून ऐकत राहिल्या, ऐकत राहिल्या.