मसाला राजाचं हसू

मित्रांनो, मी जुना आहे, झिजलेला आहे आणि स्वभावाने संशयी आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. टीव्हीवरचा गेम खेळताना दोन्ही हातांत धरतात तो कंट्रोलर म्हणजे मी. खेळणारी माणसं पडद्याकडे बघतात, माझ्याकडे कुणी बघत नाही. त्यामुळे चेहरा काहीही म्हणत असो, अंगठे काय म्हणताहेत हे फक्त मला कळतं.

मी कारखान्यात तयार झालो तेव्हा एका यंत्राने माझं प्रत्येक बटण हजार वेळा दाबून पाहिलं. म्हणजे बघा, जन्मल्या जन्मल्या माझ्यावरच कुणाचा विश्वास नव्हता. मग माझा स्वभाव असा झाला तर नवल काय!

तिथून मी जपानात सेंदाईला आलो. तिथल्या विद्यापीठात श्रीहरी नावाचा एक मराठी तरुण संशोधन करत होता. त्याने मला आणि माझ्याबरोबर 'जगाचा आखाडा' नावाचा गेम घेतला. त्या गेममध्ये आठ देशांचे आठ लढवय्ये होते. जपानी तलवारबाजाला आईचं पत्र होतं, हरवलेला भाऊ होता, तीन पोशाख होते. आफ्रिकेच्या मुष्टियोद्ध्याला मात्र नुसते भले मोठे पांढरे दात होते. तो कुठल्या देशाचा हेसुद्धा कुणी लिहिलं नव्हतं. आणि भारताचा होता मसाला राजा. पिवळा फेटा, टोकदार मिशा, गळ्यात साप, पाय अनवाणी. जिंकला की मान डुलवायचा, 'हॉट हॉट, माय फ्रेंड!' म्हणायचा आणि पोट धरून हसायचा.

शुक्रवारी संध्याकाळी प्रयोगशाळेतले मित्र श्रीहरीकडे खेळायला जमत. ते मला त्याच्या हातात देत तेव्हा पडद्यावर राजा आधीच निवडलेला असायचा. "हा तुझा," असं ते अगदी प्रेमाने म्हणत. एकदा एका वयस्कर सहकाऱ्याने विचारलं, "श्रीहरी-सान, तुम्हाला वाईट तर वाटत नाही ना?" श्रीहरी म्हणाला, "छे, छे!" आणि सगळ्यांत मोठ्याने हसला. तेव्हा त्याच्या तळव्याच्या घामाने माझी उजवी बाजू भिजली होती. एकटा खेळायचा तेव्हा त्याने राजाला एकदाही निवडलं नाही. माझ्या मनात पहिला संशय तिथे शिरला.

तीन वर्षांनी श्रीहरी भारतात परत निघाला. त्याने मला आणि तो गेम खोक्यात भरून आपल्या बहिणीकडे पाठवलं. यामिनी तिचं नाव. ती तोक्योला ओजिमामध्ये सरकारी वसाहतीत सातव्या मजल्यावर राहायची. नवरा हेमचंद्र, पुण्याचा सॉफ्टवेअर इंजिनिअर. मुलगी तन्वी, जपानी शाळेत पाचवीत. खोकं उघडल्यावर तन्वी नाचायलाच लागली. हेमचंद्रने गेमचं कव्हर पाहिलं आणि ते उलटं करून ठेवलं.

"अरे, हा तुमच्याच कंपनीचा ना?" यामिनीने विचारलं.

"आमच्याकडे शंभर गेम होतात," तो म्हणाला. "हा फारच जुना आहे. दुसरा आणू या आपण."

दुसरा काही आला नाही.

तन्वीकडे शाळेतली दोन मुलं यायची, रिकु आणि कोहारू. रिकु आल्या आल्या मला तिच्या हातात कोंबायचा. "तुझा देश, तुझा राजा!" कोहारू तोंडावर हात ठेवून हसायची. तोंडावर हात ठेवून हसणाऱ्यांचा मला विशेष संशय येतो. तन्वी खेळायची आणि मुद्दाम लवकर हरायची. हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग गेम शाळेत पोचला, म्हणजे त्यातलं हसू पोचलं. तन्वीने उत्तर द्यायला हात वर केला की मागून कुणीतरी म्हणायचं, "मसाला, आधी हसून दाखव!" शाळा आणि घर यांच्यामध्ये एक वही फिरते, तीत बाईंनी लिहिलं : 'तन्वी-सान हल्ली हात वर करत नाही. घरी काही झालं आहे का?'

यामिनीने ते दोनदा वाचलं. "काय झालं गं?"

"बेत्सुनी," तन्वी म्हणाली. काही नाही. या पोरीला काही लपवायचं असलं की ती जपानीत बोलते, हे मी केव्हाच ओळखलं होतं.

मित्रांनो, आता माझा मोठा संशय सांगतो. तो होता हेमचंद्रवर. कधी रिकु राजाला घेऊन जिंकायला आला की हा स्वयंपाकघरातून धावत येऊन आवाज बारीक करायचा. शेवटची लढत जवळ आली की याला नेमका गृहपाठ आठवायचा, नाहीतर प्लास्टिकचा कचरा खाली न्यायचा असायचा. मला वाटलं, याला मुलीचे मित्र आवडत नसावेत.

एका शनिवारी सकाळी यामिनी आणि तन्वी पोहायला गेल्या होत्या. हेमचंद्रने मला खणातून काढलं. आवाज अगदी कमी ठेवून त्याने राजाला एक लढत जिंकवली. राजा हसला. मग हेमचंद्र हसला. तसाच, पोट धरून, तितकाच लांब. मग परत एकदा, जरा वरच्या पट्टीत.

माझ्या तारा थंड पडल्या. ती नक्कल नव्हती. मूळ हसू ते होतं. मग त्याने फोन उचलला आणि जपानीत सांगितलं, "हो, नव्या भागासाठी आवाज जमेल. शुक्रवारी रेकॉर्डिंगला येतो." मला तोंड असतं तर त्याच दिवशी मी ओरडलो असतो.

बुधवारी कोहारू एकटीच आली. तन्वी तिला म्हणाली, "आज मी राजाला घेऊन शेवटपर्यंत जाणार. सगळ्यांना हरवणार. मग बघू कोण हसतं." तिचे अंगठे पहिल्यांदाच घट्ट होते. कोहारू हसली नाही. ती तन्वीला चिकटून बसली आणि शेवटच्या राक्षसाचा डावा गुडघा कच्चा आहे हे तिनेच सांगितलं. तिच्याबद्दल मी चुकलो होतो, हे कबूल करतो.

हेमचंद्र घरात शिरला तेव्हा राक्षस कोसळला होता. "तन्वी, बंद कर!" तो दारातूनच म्हणाला. पण आता पडद्यावर नावं वर सरकत होती. ज्याला घेऊन तुम्ही गेम पूर्ण कराल त्याला कुणी घडवलं, ते या गेममध्ये शेवटी दाखवतात. 'मसाला राजा, आवाज', आणि पुढे जपानी अक्षरांत एक नाव. कोहारूने ते मोठ्याने वाचलं. "हे-मा-चान्-दो-रा." मग तिने दाराकडे पाहिलं आणि दप्तर उचलून, सगळ्यांना वाकून नमस्कार करून ती हळूच घरी गेली.

"बाबा, हा तू आहेस?"

हेमचंद्र बूट न काढताच खाली बसला. "मी इथे नवीन होतो तेव्हा. त्यांना एक इंडियन आवाज हवा होता. पाच वेळा मी नीट बोललो. ते म्हणाले, हेमचंद्र-सान, अजून थोडं इंडियन. अगं, मी इंडियनच होतो. अजून कुठून आणणार? मग मी असं बोललो, जसं मी जन्मात कधी बोललो नव्हतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला जेवायला बरोबर नेलं. त्याआधी तीन महिने मी एकटाच डबा खात होतो."

"वर्गात मला हसून दाखव म्हणतात," तन्वी म्हणाली. या वेळी ती मराठीत बोलत होती. "मला वाटायचं ते कुणाचं तरी हसू आहे. ते तुझं आहे. मी रोज तुझं हसू ऐकते आणि हात खाली घेते."

हेमचंद्र रडत होता. यामिनीने त्याचे बूट काढून दाराशी ठेवले आणि त्याच्या शेजारी बसली. मला फार वाईट वाटलं. इतके दिवस मी या माणसावर पाळत ठेवली होती. तो लबाड नव्हता, त्याला लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी त्याने रेकॉर्डिंगला येणार नाही असं कळवलं. तासाभरात उत्तर आलं. फार नम्र उत्तर होतं. इतक्या वर्षांच्या सहकार्याबद्दल आभार होते, आणि काळजी नसावी असंही होतं. दोनच महिन्यांपूर्वी भारतातून कंपनीत आलेले सारंग-सान आनंदाने तयार झाले आहेत, रेकॉर्डिंग आता सोमवारी आहे.

"म्हणजे राजा हसणारच," तन्वी म्हणाली.

हेमचंद्रने रविवारी सारंगला घरी पोहे खायला बोलावलं. सारंग आल्या आल्या उत्साहाने म्हणाला, "सर, दोनच तर लाइन्स आहेत. आणि टीममधले सगळे इतके छान वागतात हो आता!"

"माझ्याशीपण त्याच दिवसापासून छान वागायला लागले होते," हेमचंद्र म्हणाला.

तन्वीने मला सारंगच्या हातात दिलं. पडद्यावर आठ चेहरे होते. सारंग सरळ राजापाशी गेला, त्याने राजासारखी मान डुलवली आणि ती हसेल या अपेक्षेने तन्वीकडे पाहिलं.

"मी हसणार नाही," तन्वी म्हणाली.

सारंगचा अंगठा थांबला. तो गार पडलेला मला कळला.

"मी तुला जाऊ नको म्हणणार नाही," हेमचंद्र हळू आवाजात म्हणाला. "ते म्हणतील, अजून थोडं इंडियन. तेव्हा फक्त विचार, का? मी कधी विचारलंच नाही रे."

सारंगने मान हलवली. पोहे तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं की नाही, मला ठाऊक नाही. फोनवर तो एवढंच म्हणाला की रेकॉर्डिंग पुढे ढकललंय. पुढे ढकललं म्हणजे रद्द केलं असं नव्हे, एवढं मला कळतं.

पण सोमवारी शाळा सुटल्यावर कोहारू तन्वीबरोबर आमच्याकडे आली आणि तिने यामिनीला सगळं करून दाखवलं. नद्यांच्या धड्यात तन्वीने हात वर केला. रिकु मागून म्हणाला, "मसाला, आधी हसून दाखव!" तन्वी मागे वळली आणि म्हणाली, "का?" रिकुने तोंड उघडलं. वर्ग थांबला, बाईही थांबल्या. रिकु कानापर्यंत लाल झाला. मग तन्वीने उत्तर दिलं.

"ते साफ चुकलं," कोहारू म्हणाली, आणि ती आणि तन्वी दोघी पोट धरून हसल्या. असं हसणं मी या घरात पहिल्यांदाच ऐकलं.

मित्रांनो, माझं एक बटण आता अडकतं, माझी रबराची पकड सुटली आहे. फार दिवस मी खेळेन असं नाही. त्याआधी एक मागणं आहे. मला कुणाच्या हातात द्याल तेव्हा पडद्यावर त्याच्यासाठी आधीच कुणाला निवडून ठेवू नका. आठही चेहरे त्याला नीट बघू द्या. त्याने राजा घेतला तर घेऊ दे, तलवारबाज घेतला तर तोही घेऊ दे. कराल ना एवढं? 'हो' तर सगळेच म्हणतात. मी तुमच्यावर लक्ष ठेवून आहे.